पहिल्या लांब मोहिमेसाठी बार्बेरियन: बांधणी आणि स्वभाव, दोन्हींविषयी सल्ला हवा आहे

रानवाट:

नमस्कार. आमचा चार खेळाडूंचा आणि एका डीएमचा (कथा आणि शत्रू चालवणाऱ्याचा) गट पुढच्या महिन्यापासून डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका वठवण्याच्या खेळाची एक लांब मोहीम सुरू करत आहे. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे 2014 च्या प्लेयर्स हँडबुकमधले असतील. 2024 चे सुधारित नियम आम्ही घेतलेले नाहीत. गटात विझर्ड (जादूगार), क्लेरिक (मंत्र टाकणारा पुरोहित) आणि रोग (चोरपावलांचा लढवय्या) ही पात्रे ठरलेली आहेत. पुढे उभे राहून मार झेलणारे कोणी नसल्यामुळे ती जागा मी घेते आहे आणि त्यासाठी बार्बेरियन हा संतापून लढणाऱ्या योद्ध्याचा वर्ग निवडला आहे. याआधी मी फक्त विझर्ड खेळले आहे. त्यामुळे मंत्र जपून कसे वापरावेत हे मला कळते, पण शत्रूच्या अंगावर धावून जाणाऱ्या पात्राचा हिशेब अजून नीट उमगलेला नाही.

सुरुवात पहिल्या लेव्हलपासून आहे आणि क्षमतांसाठी 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे ठरावीक आकडे वाटून घ्यायचे आहेत. कथेचा आरंभ फर्गॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातल्या आइसविंड डेलच्या बर्फाळ मुलखात होईल आणि पुढे ती वॉटरडीप शहरात जाईल. तिथे लढायांपेक्षा बोलाचाली आणि कारस्थाने अधिक असतील, असे डीएमने आधीच सांगून ठेवले आहे. वंशासाठी हाफ-ऑर्क आणि माउंटन ड्वार्फ हे दोन पर्याय माझ्या मनात आहेत. चिलखत घालावे की अनआर्मर्ड डिफेन्सवर (चिलखताशिवायच्या बचावावर) विसंबून राहावे, तिसऱ्या लेव्हलला वर्गातला बर्सर्करचा मार्ग घ्यावा की टोटेम वॉरियरचा, आणि ज्याची सगळीकडे इतकी शिफारस होते ते ग्रेट वेपन मास्टर हे फीट (क्षमता वाढवण्याऐवजी घेता येणारे खास कसब) चौथ्या लेव्हलला घेणे खरोखर लाभाचे आहे का, याविषयी अनुभवी खेळाडूंचे मत ऐकायला आवडेल.

यांहून मोठा प्रश्न स्वभावाचा आहे. प्रत्येक वाक्याला गुरगुरणारे, दिसेल ते दार फोडणारे आणि बाकीचे बोलत असताना कंटाळून कुऱ्हाडीला धार लावत बसणारे पात्र मला इतका दीर्घ काळ खेळायचे नाही. राग हाच ज्या वर्गाचा गाभा आहे, त्या वर्गात विचारी माणूस कसा उभा करावा?

वीसमुखी:

बार्बेरियनची सगळी बांधणी रेजच्या, म्हणजे लढाईतल्या संतापाच्या, नियमांतून निघते, म्हणून आधी ते नियम शब्दशः वाचून घ्यावेत. रेज सुरू करायला बोनस ॲक्शन (पाळीतली छोटी जादा कृती) लागते. ती जास्तीत जास्त एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकते. पहिल्या दोन लेव्हलना ती एका दीर्घ विश्रांतीमागे दोनदाच वापरता येते, तिसऱ्या लेव्हलपासून तीनदा आणि सहाव्यापासून चारदा. ती चालू असताना बोथट, टोकदार आणि धारदार हत्यारांच्या माराची हानी निम्मी होते, स्ट्रेंग्थच्या (बळाच्या) चाचण्यांना आणि सेव्हिंग थ्रोंना (संकट टाळण्यासाठी टाकायच्या फाशांना) ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) मिळतो, आणि स्ट्रेंग्थच्या बळावर केलेल्या जवळच्या वाराच्या हानीत 2 मिळवले जातात. जड चिलखत घातले असेल तर यातले काहीच मिळत नाही. मंत्र टाकणे किंवा मंत्रावर लक्ष एकाग्र ठेवणे तर रेजमध्ये शक्यच नसते.

नवे खेळाडू ज्या अटीकडे दुर्लक्ष करतात ती याच्या पुढची आहे. तुमची पाळी संपेपर्यंत, मागच्या पाळीनंतर तुम्ही एकाही शत्रूवर हल्ला केलेला नसेल आणि तुम्हाला काही इजाही झालेली नसेल, तर रेज तिथेच विझते. शत्रू साठ फुटांवर असताना उत्साहाने रेज सुरू करायची आणि मग नुसते धावत सुटायचे, यात दिवसाच्या दोन संधींपैकी एक वाया जाते. सुरुवातीच्या सामानात चार भाले मिळतात, ते यासाठीच जवळ बाळगावेत. भाला फेकणे हा हल्लाच आहे आणि तो नेम चुकला तरी रेज टिकून राहते. फेकलेल्या भाल्याला रेजची वाढीव हानी मिळत नाही आणि रेकलेस अटॅकही (दुसऱ्या लेव्हलला मिळणारा बेधडक हल्ला) लागू होत नाही, कारण दोन्ही गोष्टी जवळच्या वारांपुरत्या आहेत. पण रेज जिवंत ठेवण्याचे काम तो चोख करतो.

आता क्षमता. स्ट्रेंग्थ 15, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14, डेक्स्टेरिटी (चपळाई) 13, विझडम (जाण) 12, करिश्मा (छाप पाडण्याची ताकद) 10 आणि इंटेलिजन्स (बुद्धी) 8 अशी वाटणी मी सुचवेन. विझडमला 8 देण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. बार्बेरियनला पकडून ठेवणारे, भुलवणारे आणि घाबरवणारे बहुतेक मंत्र विझडमच्या सेव्हिंग थ्रोवर चालतात, आणि त्यात आपल्या वर्गाला प्रोफिशिएन्सी (प्रावीण्याची भर) नाही. सगळ्यात जास्त हिट पॉइंट्स (मार सोसण्याचे गुण) असलेले पात्र लढाईच्या दुसऱ्याच फेरीत खिळून उभे राहिले, तर त्या हिट पॉइंट्सचा गटाला काही उपयोग उरत नाही.

या वाटणीवर हाफ-ऑर्क घेतला तर स्ट्रेंग्थ 17 आणि कॉन्स्टिट्यूशन 15 होते. माउंटन ड्वार्फ घेतला तर 17 आणि 16. कागदावर ड्वार्फ वरचढ दिसतो, शिवाय त्याला विषापासून संरक्षण आहे. तरीही तुमच्या मोहिमेसाठी मी हाफ-ऑर्कच घेईन. ड्वार्फची चाल 25 फुटांची आणि हाफ-ऑर्कची 30 फुटांची असते. ज्या वर्गाची सगळी ताकद शत्रूच्या जवळ पोहोचण्यावर अवलंबून आहे, त्या वर्गात हे पाच फूट वारंवार आडवे येतात. हाफ-ऑर्कला इंटिमिडेशनची (धाक दाखवण्याची) प्रोफिशिएन्सी आपसूक मिळते. शिवाय दीर्घ विश्रांतीमागे एकदा, शून्य हिट पॉइंट्सवर कोसळण्याऐवजी 1 वर उभे राहण्याची सोय त्याच्याकडे असते, आणि तिने कितीतरी लढायांचा निकाल फिरलेला मी पाहिला आहे.

चिलखताचा निर्णय भावनेवर सोडू नये, कारण तो साध्या बेरजेचा आहे. अनआर्मर्ड डिफेन्समध्ये आर्मर क्लास (वार लागण्यासाठी शत्रूला गाठावा लागणारा आकडा) म्हणजे 10 अधिक डेक्स्टेरिटीचा आणि कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (क्षमतेच्या आकड्यावरून मिळणारी भर), म्हणजे तुमच्या हाफ-ऑर्कचा 10 + 1 + 2 = 13. कातडी (हाइड) चिलखताचा आकडा 12 + 1, म्हणजे तोही 13 येतो. रानात वाढलेल्या पात्राच्या आउटलँडर पार्श्वभूमीबरोबर ज्या 10 सुवर्णमुद्रा मिळतात त्या कातड्यावर खर्च करण्यात म्हणूनच अर्थ नाही. त्याच 10 मुद्रांत ढाल येते, ती अनआर्मर्ड डिफेन्सबरोबर चालते आणि आर्मर क्लास 15 होतो. त्यासाठी सुरुवातीला ग्रेटॲक्सऐवजी बॅटलॲक्स निवडावी, म्हणजे ढाल हातात असताना एका हाताने d8 (आठमुखी फासा) आणि ढाल नसताना दोन्ही हातांनी d10 अशी दोन्ही कामे एकाच हत्याराने होतात. पहिली लेव्हल ही बार्बेरियनसाठीही नाजूक असते, कारण 14 हिट पॉइंट्स फार वेळ पुरत नाहीत. पुढे 50 मुद्रा हातात आल्या की स्केल मेल घ्यावे. त्याचा आर्मर क्लास ढालीशिवाय 15 होतो. उघड्या छातीने लढणाऱ्या योद्ध्याचे चित्र मनात पक्के बसलेले असते हे मला समजते, पण कॉन्स्टिट्यूशन आणि डेक्स्टेरिटी दोन्ही भरपूर वाढेपर्यंत मध्यम चिलखतच अधिक मार अडवते.

पडद्यामागून:

मी बहुतेक वेळा डीएमच्या खुर्चीत बसतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

तिसऱ्या लेव्हलला तुमच्या हाफ-ऑर्कचे सरासरीने 32 हिट पॉइंट्स होतील. साध्या हत्यारांच्या मारापुरते पाहिले तर रेजमध्ये ते 64 सारखे वागतात. त्याच लेव्हलच्या आणि कॉन्स्टिट्यूशन 14 असलेल्या विझर्डचे हिट पॉइंट्स 20 असतात. आता मी जर विचार करणारा शत्रू चालवत असेन, तर तो तुमच्यावर वार वाया का घालवेल? तो तुम्हाला वळसा घालून विझर्डकडे जाईल. या वर्गाची खरी अडचण इथे आहे, आणि बांधणीचे हिशेब मांडताना तिचा विचार फार कमी लोक करतात. शत्रूला आपल्याकडे वळायला भाग पाडेल अशी कोणतीही शक्ती मूळ बार्बेरियनकडे नाही. ते वळण तुम्हाला जागेच्या निवडीतून, धमकीतून आणि लालसेतून घडवावे लागते.

लालूच दाखवण्याचे सगळ्यात चांगले साधन दुसऱ्या लेव्हलला मिळणारा रेकलेस अटॅक हे आहे. त्या पाळीत स्ट्रेंग्थच्या जवळच्या वारांना तुम्हाला ॲडव्हान्टेज मिळतो आणि पुढच्या पाळीपर्यंत तुमच्यावर येणाऱ्या प्रत्येक हल्ल्यालाही तो मिळतो. अनेक खेळाडू ही दुसरी बाजू केवळ किंमत म्हणून पाहतात, पण रेज चालू असताना ते शत्रूला दिलेले आमंत्रण असते. तुमच्यावर वार लागणे सोपे झाले की शत्रू विझर्डला सोडून तुमच्याकडे वळतो, आणि त्याने केलेली निम्मी हानी हवेत विरते. मात्र रेज नसताना, किंवा समोर आगीचा वा थंडीचा मारा करणारे प्राणी असताना, हेच आमंत्रण जिवावर बेतू शकते.

मार्ग निवडतानाही याच अडचणीकडे पाहावे. टोटेम वॉरियरमधले अस्वल घेतले तर रेजमध्ये मानसिक हानी वगळता प्रत्येक प्रकारची हानी निम्मी होते, आणि त्यामुळे ते सर्वांत लोकप्रिय आहे. पण आधीच टणक असलेल्याला आणखी टणक केल्याने शत्रू तुमच्याकडे वळत नाही. तुमच्या गटात रोग आणि क्लेरिक आहेत. ते दोघे जवळून लढणार असतील तर लांडगा पाहावा. तुम्ही रेजमध्ये असताना तुमच्यापासून पाच फुटांच्या आतल्या शत्रूवर जवळून वार करणाऱ्या तुमच्या साथीदारांना ॲडव्हान्टेज मिळतो. दूर उभे राहून धनुष्य चालवणाऱ्याला किंवा विझर्डला त्याचा काही लाभ नाही, म्हणून निर्णय घेण्याआधी रोग खेळणाऱ्याशी बोलून घ्यावे. डीएमची परवानगी असेल तर 2017 साली आलेल्या झॅनाथर्स गाइड या पूरक पुस्तकातला अँसेस्ट्रल गार्डियन हा मार्गही जरूर वाचावा. रेजमध्ये प्रत्येक पाळीला ज्या शत्रूला तुमचा पहिला वार लागतो, त्याला तुमच्या पुढच्या पाळीपर्यंत तुमच्याखेरीज इतर कोणावरही हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा घेण्याची सक्ती) येतो, आणि वार लागलाच तरी साथीदाराची हानी निम्मी होते. विझर्डला वाचवण्यासाठी याहून सरळ उपाय या वर्गात नाही, असे माझे ठाम मत आहे.

सोंगटी:

बर्सर्करला इतक्या सहज बाजूला सारू नये, असे मला वाटते. रेज सुरू करताना फ्रेन्झी निवडली तर त्यापुढच्या प्रत्येक पाळीला बोनस ॲक्शनने आणखी एक वार करता येतो, आणि रेज संपल्यावर थकव्याची एक पायरी चढते. या थकव्याची सगळे इतकी धास्ती घेतात की फ्रेन्झी ऐच्छिक आहे हेच विसरले जाते. दिवसाच्या सगळ्यात अवघड लढाईत ती एकदाच वापरली तर रात्रीच्या दीर्घ विश्रांतीत ती एक पायरी उतरते. सहाव्या लेव्हलला बर्सर्करला रेजमध्ये कोणी भुलवू किंवा घाबरवू शकत नाही, म्हणजे वीसमुखी यांनी दाखवलेले विझडमचे भगदाड बऱ्याच अंशी बुजते. शिवाय जानेवारी 2023 मध्ये जे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना मोफत खुले झाले, त्यांत बार्बेरियनचा हा एकच मार्ग आहे. गटातल्या कोणाकडे पुस्तक नसेल तर एवढी गोष्टही महत्त्वाची ठरते.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाविषयी. या वर्गाच्या मुळाशी उत्तर युरोपातल्या जुन्या आख्यायिका आहेत आणि त्या वाचल्या की पात्राला खोली कुठून द्यावी हे दिसू लागते. तेराव्या शतकातला आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन याने ओडिन देवाच्या योद्ध्यांचे वर्णन करताना ते चिलखताशिवाय लढत, आपल्याच ढाली चावत, आणि आग किंवा लोखंड यांचे त्यांच्यावर काही चालत नसे, असे सांगितले आहे. 1831 मध्ये स्कॉटलंडच्या ल्यूइस बेटावर सापडलेल्या, वॉलरसच्या दातांत कोरलेल्या मध्ययुगीन बुद्धिबळाच्या सोंगट्यांपैकी बहुतेक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत हत्तीच्या जागी उभे पहारेकरी आहेत आणि त्यांतले काही जण खरोखरच ढालीची कड दातांत धरून उभे आहेत. डोळे वटारलेल्या त्या लहानशा मूर्तीकडे पाहताना मला संतापापेक्षा प्रचंड ताण जाणवतो, जणू आत दाटलेले काहीतरी त्या माणसाने दातांनी रोखून धरले आहे.

त्याच समाजाने या उन्मादाकडे कौतुकानेच पाहिले असे मात्र नाही. आइसलँडच्या जुन्या कायद्यात अशा रीतीने बेभान होणाऱ्याला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. लढाईत हवा असलेला आणि घरात नको असलेला माणूस, ही खरी बार्बेरियनची गोष्ट आहे. तुमच्या पात्राच्या टोळीत रेजविषयी काय नियम आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. लहान मुलांसमोर ती चालते का? ती आल्यानंतर माणसाला काही काळ वस्तीबाहेर राहावे लागते का? वडीलधाऱ्यांपैकी कोणी ती थांबवायला शिकवतात का? याची दोन-तीन उत्तरे मिळाली की स्वभाव आपोआप आकार घेऊ लागतो.

ओघात आले म्हणून सांगतो: 1985 च्या अनअर्थ्ड आर्काना या नियमपुस्तकातला बार्बेरियन जादूचा द्वेष करत असे, आणि जादूच्या वस्तू नष्ट केल्याबद्दल त्याला अनुभवगुण मिळत. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर तो मुळात निरक्षर असे. या दोन्ही गोष्टी पाचव्या आवृत्तीत राहिलेल्या नाहीत, पण खेळाडूंच्या मनातून त्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. गुरगुरणाऱ्या अडाणी योद्ध्याचे जे चित्र तुम्हाला नको आहे, त्यातला बराचसा भाग तिथून आलेला आहे. आजचा नियम तुम्हाला त्यात बांधून ठेवत नाही.

रानवाट:

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. डीएमशी आणि रोग खेळणाऱ्या मैत्रिणीशी बोलून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे मांडते.

वंश हाफ-ऑर्क. आइसविंड डेलमध्ये रेनडिअरच्या कळपांमागे फिरणाऱ्या रेगेड भटक्यांच्या अस्वल, एल्क, वाघ आणि लांडगा अशा टोळ्या आहेत. त्यांपैकी एल्क टोळीने लहानपणी सांभाळलेली ही मुलगी आहे. हिवाळ्यात टोळीतले कोण गेले आणि कोण उरले याची मोजदाद ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे. मोठ्या थंडीत अन्न कसे वाटायचे हे तिच्या मोजणीवरून ठरते, त्यामुळे ती सावकाश बोलते, माणसांकडे निरखून पाहते आणि कोणाचे नाव सहसा विसरत नाही. तिची रेज एका विशिष्ट प्रसंगी येते: तिच्या मोजणीतला माणूस आता कमी होणार असे दिसले की. पहिल्या सेशनपासून विझर्ड, क्लेरिक आणि रोग या तिघांची नावे त्या मोजणीत आलेली असतील.

आता दोन शंका उरल्या आहेत. पहिली म्हणजे चौथ्या लेव्हलला ग्रेट वेपन मास्टर घ्यावे की स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन एकेकाने वाढवावे? दुसरी, वॉटरडीपच्या दिवाणखान्यांत या मुलीने काय करावे? तिची करिश्मा 10 आहे आणि रोग खेळणारी मैत्रीण बोलण्यात पटाईत आहे, त्यामुळे मी गप्प बसेन अशी भीती वाटते.

वीसमुखी:

पात्र फार सुंदर झाले आहे. फीटचा हिशेब मी मांडून दाखवतो. सोपेपणासाठी क्रिटिकल हिट धरलेले नाहीत. चौथ्या लेव्हलला तुम्ही रेजमध्ये आहात, रेकलेस अटॅक करत आहात आणि हातात ग्रेटॲक्स आहे असे समजू.

फीट घेतले तर स्ट्रेंग्थ 17 वर राहते, नेम +5 आणि हानी सरासरी 11.5. फीटची सवलत वापरली की नेमातून 5 वजा होऊन तो शून्यावर येतो आणि हानी 21.5 होते. फीटऐवजी क्षमता वाढवल्या तर स्ट्रेंग्थ 18, नेम +6 आणि हानी 12.5. शत्रूचा आर्मर क्लास 13 असेल तर फीटने एका वारामागे सरासरी 13.8 हानी होते आणि वाढीव स्ट्रेंग्थने 11.4, म्हणजे फीट स्पष्टपणे पुढे आहे. आर्मर क्लास 15 असेल तर हेच आकडे 11.0 आणि 10.5 होतात आणि फरक जवळजवळ मिटतो. 16 ला गणित उलटते: फीटने 9.4, क्षमतावाढीने 10.0. चांगले चिलखत घातलेल्या शत्रूवर उणे पाच घेऊन वार करण्यात नुकसानच आहे.

क्षमता वाढवल्याने तुमची कॉन्स्टिट्यूशन 15 वरून 16 होते, आणि तिचा लाभ आधीच्या लेव्हलनाही लागू होत असल्याने चार हिट पॉइंट्स लगेच वाढतात. अनआर्मर्ड डिफेन्सही एकाने सुधारतो. म्हणून चौथ्या लेव्हलला तुम्ही क्षमता वाढवाव्यात आणि ग्रेट वेपन मास्टर आठव्या लेव्हलला घ्यावे, असे मी सांगेन. तोवर पाचव्या लेव्हलचा दुसरा वार हाती आलेला असतो आणि प्रोफिशिएन्सी 3 झालेली असते, त्यामुळे उणे पाचचा भार हलका होतो. क्लेरिकने ब्लेस टाकला तर प्रत्येक हल्ल्याला आणखी d4, म्हणजे सरासरी अडीचची भर पडते, आणि हाच d4 विझडमच्या सेव्हिंग थ्रोलाही लागतो. क्लेरिक खेळणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावे. बहुतेक जण तो मंत्र तयार ठेवतात, पण कोणावर टाकायचा याचा विचार ऐन लढाईत करतात.

पडद्यामागून:

वॉटरडीपविषयी मी लिहितो, कारण शहरात गेल्यावर बार्बेरियन कोपऱ्यात पडतो हे मी अनेक टेबलांवर पाहिले आहे, आणि त्यात दोष बहुधा कौशल्यांच्या निवडीचा असतो. वर्गाच्या यादीतून ॲथलेटिक्स आणि पर्सेप्शन (निरीक्षण) घ्या. आउटलँडर पार्श्वभूमीतून ॲथलेटिक्स आणि सर्व्हायव्हल मिळतात, पण पार्श्वभूमीची दोन कौशल्ये स्वतः निवडण्याची मुभा 2014 च्या नियमांत आहेच. म्हणून तिथे सर्व्हायव्हल ठेवून ॲथलेटिक्सच्या जागी इनसाइट (समोरच्याचे मन ओळखणे) घ्या. विझडम 12 असल्याने इनसाइट +3 होते. इंटिमिडेशन तर हाफ-ऑर्कला मिळतेच. आता दिवाणखान्यात रोग बोलेल आणि तुमची मुलगी समोरच्याचा चेहरा वाचेल. माणसांची मोजदाद ठेवणारीने सगळ्यांचे चेहरे निरखावेत हे तिच्या स्वभावाशी जुळते, आणि सरदार खोटे बोलतो आहे हे ओळखणे म्हणजे त्या प्रसंगात पूर्ण सहभागी असणेच आहे. फक्त फासा टाकून थांबू नका. तिने काय पाहिले ते डीएमला विचारा आणि मग तिच्या तोंडून सांगा.

या एका कारणासाठी मी सोंगटी यांच्याशी असहमत आहे. थकव्याच्या पहिल्याच पायरीला क्षमतांच्या सर्व चाचण्यांना डिसॲडव्हान्टेज येतो, आणि त्यात इनसाइट, पर्सेप्शन, इतकेच काय, लढाईतल्या इनिशिएटिव्हचीही (पाळ्यांचा क्रम ठरवणारी) चाचणी येते. सकाळी बंदरावर चकमक आणि संध्याकाळी मेजवानी असा दिवस वॉटरडीपमध्ये सहज येऊ शकतो. फ्रेन्झी वापरलेल्या दिवशी तुमची निरखून पाहणारी मुलगी नेमकी निरखण्यातच कमी पडेल. त्यापेक्षा लांडगा किंवा अँसेस्ट्रल गार्डियन घ्यावा. दुसऱ्या मार्गाला तर तुमच्या मोजणीची जोड फार छान बसते, कारण त्यात पूर्वजांचे आत्मे मदतीला येतात; ते आत्मे म्हणजे तिने हिवाळ्यात मोजणीतून वगळलेली माणसे असू शकतात.

मराठीतून खेळत असाल तर आणखी एक साधन हाताशी आहे. टोळीत वाढलेली ही मुलगी लॉर्डपासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना «तू» म्हणत असेल, आणि त्यात उद्धटपणा मुळीच नसेल, कारण तिच्या टोळीत बोलण्याची तीच रीत आहे. वॉटरडीपच्या दरबारी मंडळींना ते खटकेल आणि डीएमला त्यातून प्रसंग मिळतील. डीएमला आधी सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच भेटीत तुम्हाला कोणी कैदेत टाकणार नाही.

सोंगटी:

मेजवानीच्या संध्याकाळचा मुद्दा मला पटला. शहरात घडणाऱ्या मोहिमेसाठी बर्सर्करचा आग्रह मी धरणार नाही. 2024 च्या नियमांत फ्रेन्झीचा थकवा काढून त्या जागी वाढीव हानीचे फासे दिले आहेत, आणि लहान विश्रांतीतही रेजची एक संधी परत मिळते. तुमचा गट पुढे त्या नियमांकडे वळला तर हा मार्ग पुन्हा तपासून पाहावा.

रेजबद्दल एक सूचना करतो. ती सुरू होण्याचे एक ठरलेले चिन्ह ठेवा आणि ते प्रत्येक वेळी टेबलावर बोलून दाखवा. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती धोक्यात असलेल्या साथीदाराचे पूर्ण नाव एकदा मोठ्याने उच्चारेल, एवढे पुरे आहे. पहिल्या दोन लेव्हलना दिवसाला दोनच रेज मिळतात. कोणासाठी ती वापरायची आणि कोणासाठी राखून ठेवायची हा निर्णय तुम्ही नियमांमुळे घेत असाल, पण टेबलावर तो तिचा निर्णय म्हणून दिसेल. रेज संपल्यावरचा एक मिनिट वगळून पुढे जाऊ नका. तिला तिथे सगळ्यांची नावे पुन्हा मोजू द्या.

रानवाट:

अँसेस्ट्रल गार्डियन घेण्याला डीएमने आज होकार दिला आणि विझर्ड खेळणारा मित्र सगळ्यात जास्त खूश झाला आहे. इनसाइटची अदलाबदल पत्रकावर केली आहे. बॅटलॲक्स आणि ढाल घेऊन सुरुवात करते आणि स्केल मेलसाठी 50 मुद्रा जमल्या की ते घेते. नावांच्या चिन्हाची सूचनाही तशीच घेते आहे, त्यासाठी तिघांकडून त्यांच्या पात्रांची पूर्ण नावे आज रात्रीपर्यंत मागवली आहेत.

वीसमुखी:

एक राहिले. ढाल उचलायला किंवा सोडायला एक पूर्ण ॲक्शन लागते, त्यामुळे ऐन लढाईत बॅटलॲक्स दोन्ही हातांत घेण्याचा विचार करू नका. ढाल हवी की नको हे लढाई सुरू होण्याआधी ठरवा. आणि भाले चारच आहेत. लढाई संपली की ते गोळा करून आणायचे आहे हे डीएमला न विसरता सांगा.